काकूचं गुपचूप खातं

बँक बरी की पतसंस्था, हे आमच्या अर्जुनीच्या काकूला विचारा. तिला काकाच्या नकळत पैसे जमवायचे होते. बँकेचा मेसेज काकाच्या मोबाईलवर येईल, म्हणून तिनं पतसंस्था धरली. पतसंस्थेचा एजंट रोज घरी येऊन पैसे नेतो.

पहिल्याच दिवशी पन्नासची नोट देताना काकू काकाबद्दल म्हणाली, "तुया भाऊले सांगू नोको बापा."

एजंट हसला. "बिनधास्त राहा, वहिनी. भाऊ बी दोन वर्षांपासून आपल्याचकडे भरून राहिले. तेबी हेच म्हणाले, घरी सांगू नोको."

काकूनं नोट परत ओढली. "मी सोताचा नवा मोबाईल घेईन, पण खातं बँकेतच काढीन! तुया पोटात काहीच राहत नाही."