एक मूठ जास्तीची

माहा जन्म यावलकडचा, केळीच्या बागांतला. आजी निंदणी करायची, बाप केळीचे घड वाहायचा, आन् आता मी शाळेत खिचडी शिजवते, म्हणजे तीन पिढ्या राबण्यातच गेल्या पाहा. आजीचं लगीन कधी झालंच नाही. बिनलगनाचाच माहा बाप झाला तिले, हे गावाले ठाऊक, आम्हाले ठाऊक, पन तो कोनाचा हे तिनं मरेपर्यंत सांगलं नाही. बापानं विचारलं की म्हणायची, माहा आहेस, बस. ते खरंच व्हतं म्हना, वाढवलं तर तिनंच.

आता काय सांगू तुम्हाले, ताई, आमच्याकडं श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे परसादाच्या पोळ्यांसाठी, गहू काढतात ते घरातल्या पुरुषांची नावं घेऊन, एकेकाच्या नावानं सव्वा मूठ, पाळण्यातलं पोरगंही सोडत नाहीत. आन् तो रोट खायचा फक्त भाऊकीनं, परक्या कुळातल्याले घासही द्यायचा नाही. माह्या बापाले कुळच ठाऊक नाही, मंग कानबाई कुठली न् रोट कुठला. माहा मालक गेल्यावर मी बापाले माह्याकडं आणलं, आबा म्हणते मी त्याले. माही दोन्ही पोरं त्यांच्या बापाच्या कुळाची, ती आत रोट खातात आन् आबा ओट्यावर बसून साधी पोळी खातो, दरसाल हेच. मागच्या श्रावणात म्हणाला, पोरी, ऐंशी वर्सं झाली, मले कोनी मोजलंच नाही.

मंग मी त्याचं कुळ शोधाले निघाली. आजी अमळनेरकडल्या एका गावातून आली व्हती, एवढंच माहीत. सुट्टीच्या दिवशी एसटी धरायची, आन् गुडघे तर असे दुखतात की एसटीची पायरी पाहूनच रडू येतं. पहिल्या खेपेले कोनी बोललंच नाही. दुसऱ्या खेपेले पारावरचे म्हातारे म्हणाले, मेलेल्यांचं कायले उकरते. तिसऱ्या खेपेले एका म्हातारीनं घर दाखवलं, तुही आजी इथं कामाले व्हती म्हणे, पन त्या घरच्या पोरानं मले दारातूनच वाटेले लावलं. त्याले वाटलं, मी शेतीचा हिस्सा मागाले आली. अरे बाबा, मले काय करायची तुही शेती, माहं आयुष्य गेलं दुसऱ्याच्या शेतात.

चौथ्या खेपेले तो घरी नव्हता. त्याची आई, अक्का, पंचाहत्तरीची असेल, शेंगा फोडत बसली व्हती. तिनं पाणी दिलं आन् माह्या तोंडाकडं पाहतच राहिली. मंग आपल्या अहिराणीत बोलली, मी नवी नवरी व्हतू, घरमा सात गडीमाणसे, पन सासू गहू काढे आठ जनस्ना. सातस्ना नाव लेये, आठवी मूठ गुपचूप टाके. मी इचारं तं म्हने, कानबाईनी मोरे खोटं चालत नही, शे तो शे. आहे तो आहेच, असं.

म्हणजे पाहा, अक्काचा सासरा तोच माह्या आबाचा बाप, हे अक्कानंच सांगलं. आन् मूठ टाकणारी कोन, तर त्याची लगनाची बायको. सासऱ्यानं तर कधी तोंडच उघडलं नाही म्हणे. सासू गेली आन् पोरांनी ती मूठ बंद केली. मी तिथंच बसून रडली. देवीच्या भीतीनं टाकत असेल का मायेनं, मले नाही सांगता येत, पन नवऱ्याच्या बाहेरच्या पोराले कोन मोजतं, तुम्हीच सांगा.

घरी येऊन आबाले सगळं सांगलं. म्हटलं, तुह्या बापाचं नाव सांगू का, अक्काच्या भिंतीवर फोटो पाहिला मी त्याचा, नाक तुहंच आहे. आबा म्हणाला, राहू दे ते नाव, त्यानं कुठं मोजलं मले. त्या बाईचं नाव काय व्हतं?

ताई, मी चार खेपा केल्या आन् तिचं नाव विचारलंच नाही. अक्का सासू सासू म्हणत राहिली, मीही सासूच म्हणत राहिली. फोन करावा तर अक्काजवळ फोन नाही, पोरगा काही सांगाचा नाही. आता श्रावण तोंडावर आला, आबा रोज विचारतो, कधी जाते. मी थकली, खरंच थकली. पन तो पोळी खायच्या आधी एक घास ताटाच्या कडेले काढून ठेवतो आन् हात जोडतो. कोनाचा म्हणून विचारलं तर म्हणतो, माह्या मोठ्या मायचा.

मंग जावंच लागेल ना, ताई.