शीलाला पाठ असलेली पाच नावं

आमची धाकटी शीला माझ्या डोक्यावर चढून बसलीय असं तुम्ही म्हणता ना, त्याला कारण आहे. बाबा गेले तेव्हाची गोष्ट. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लेथ मशीनचा कारखाना, आणि आम्ही दोघी बहिणीच. मी बँकेत. शीला मात्र कॉलेजपासून बाबांबरोबर मशीनवर.

महिन्याभराने घरी प्रार्थना झाली, चहा आला आणि काका चर्चच्या पाळकसाहेबांसमोरच म्हणाले, “देखो बेटा, कारखाना आता आमचा रोहित सांभाळेल. पोरींच्या हातून बापाचं नाव चालत नाही.”

रोहित म्हणजे त्यांचा मुलगा. शीलाने कप खाली ठेवला.

“काका, बायबलात पाच बहिणी आहेत. त्यांनाही भाऊ नव्हता. वडील गेल्यावर त्या सगळ्या लोकांसमोर मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि वडिलांचा वाटा मागितला.”

“मग?”

“मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे.”

काकांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब त्यांना म्हणाले, “आहे भिया, असंच आहे.”

काका हट्टी. “इतकं माहीत आहे तर नावं सांग त्यांची.”

“महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा,” शीला एका दमात म्हणाली.

काकांनी उरलेला चहा संपवला. “कारखान्याच्या किल्ल्या तुझ्याकडेच ठेव,” ते म्हणाले. “पण ही नावं तुला पाठ कशी?”

“बाबांनी करून घेतली, मशीनवर काम करता करता. म्हणायचे, तुझा काका एक दिवस विचारेल.”