कॉकवरची चावी

महदियाच्या बंदरावर बोटींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सालहा तिथे नळाच्या वायसरसाठी रांगेत ताटकळली होती. पुढच्या म्हाताऱ्याने पंपाची जळकी रबरी चक्री काउंटरवर ठेवली.

"मोन्सेफ, अशीच दुसरी दे."

"हमादीचाचा, महिन्यातली ही तिसरी! इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक न उघडताच इंजिन चालू करता. पंप कोरडा फिरला की चक्री जळणारच."

"शिडाची जुनी बोट आहे रे. काहीतरी बिघडायचंच."

"बोटीवर कशाला ढकलता? इंजिन बंद केलं की चावी कॉकच्या दांड्यालाच अडकवायची. घ्यायला हात गेला की कॉक आठवतो."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की."

"मग ऐक. चावी तिथेच असते. रोज तिथूनच काढतो, तरी कॉक उघडायचा राहतो."

दुकानदार चक्री नुसतीच हातात फिरवत राहिला.

"मग कॉकच खराब असेल, चाचा. उद्या येऊन बदलतो."

"खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही."

म्हाताऱ्याने येताना सोबत आणलेली इंजिनची चावी खिशातून काढून त्याच्यापुढे सरकवली.

"ठेव ही. उद्या मी शोधत येईन, तुझ्यावर ओरडेन. तरी देऊ नकोस."