यशू कुठं दुखतंय ते सांगत न्हाई

आमचं मूळ निपाणीकडचं. अप्पा तरणा असताना रेल्वेच्या मजुरीवर हुबळीला आला आणि हितंच राहिला, म्हणून आम्ही घरात मराठी, दाराबाहेर कानडी, असं वाढलो. मी तारिहाळला एका कारखान्यात प्रेसवर हाय. पत्रा घालायचा, पाय दाबायचा, धाडकन आवाज की तुकडा खाली. वीस-बावीस वर्षं तेच. डावा कान आता निम्माच चालतोय, म्हणून मोठ्यानं बोलतो ताई, रागानं न्हाई.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर यशू झाली. यशोधरा. नाव अप्पानं ठेवलं, बुद्धवंदना घेतली, अख्ख्या गल्लीला खीर वाटली. दोन वर्षांची झाली तरी हाक मारली की बघायची न्हाई. मला वाटलं, पोरीचा कान माझ्यावर गेला. तपासला तर कान चांगला. मग गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, घरात दोन-दोन भाषा, लेकराचा गोंधळ उडालाय, एकच कानडी बोला. काय सांगू तुम्हाला, वर्षभर आम्ही पोटच्या पोरीशी मराठी बोललो न्हाई. अप्पाला कानडी येत न्हवतं असं न्हाई, बाजारात भांडायचा तो कानडीत, पण नातीचा लाड करायचा म्हटलं की जीभ मराठीतच वळायची. मग तो नुसता तिच्या डोक्यावरनं हात फिरवायचा. त्याच वर्षी गेला तो. आणि पुढं धारवाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाषेचा काय संबंध न्हाई हो, हे ऑटिझम हाय, तुम्ही कुठल्याबी भाषेत बोला. आता हे अप्पाला जाऊन कोण सांगणार?

तिथंच अशा पोरांना शिकवणाऱ्या एक बाई हाईत. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मी अक्काच म्हणतो. एकदा विचारलं, अक्का, ही दुर्गदबैलच्या बाजारात नेली की भर गर्दीत कानावर हात ठेवून खाली का बसते हो, लोकं बघतात, आई-बापाला नावं ठेवतात. त्या म्हणाल्या, अण्णा, तुमच्या प्रेसपाशी उभं राहून कुणी तुमच्याशी बोललं तर कळतं काय? म्हटलं, ओठ बघून थोडंफार. म्हणाल्या, सगळ्या पोरांचं सारखं नसतं, पण हिला रिक्षाचा हॉर्न, भाजीवालीची हाक, तुमचं बोलणं, सगळं एकदमच अंगावर येतंय, कुठलं धरायचं, कुठलं सोडायचं ते तिला जमत न्हाई. घरी आलो आणि पहिला पंखा बंद केला. घामानं भिजलो, पण बसलो तसाच. एवढी वर्षं आवाजात काढली आणि मला हे सुचलं न्हवतं बघा.

कळलं म्हणजे सगळं कळलं असं न्हवं पण. ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. एकाएकी जेवण सोडलं पोरीनं. भाकरी दिली की थुंकायची, गार दहीभात तेवढा दोन घास घ्यायची. मग आपल्याच मुठीनं गालावर मारायला लागली. भिंतीवर डोकं आपटायची, किंचाळायची. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, अहो, हिला काय तरी होतंय. मी म्हटलं, सुम्न कुंदर, गप बस, काय होत न्हाई, तुझ्या लाडानं हट्टी झालीय. पाचव्या दिवशी मी पाळी करून दुपारी घरी आलो, ताट वाढलेलं, तिनं ते उडवून दिलं, सगळं भिंतीवर. आणि मी मारलं. लपवत न्हाई ताई. ज्या गालावर ती मारून घेत होती त्याच गालावर मारलं.

रडली न्हाई. पाण्याच्या पितळी घागरीपाशी गेली आणि त्या गारगार घागरीला गाल लावून उभी राहिली. सुनंदा म्हणाली, कालपासनं ही असंच करतीय. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रिक्षा केली, दाताच्या डॉक्टरकडे नेली, तिघांनी धरली तरी तोंड उघडंना. भूल देऊन बघितलं तर आतल्या दाढेखाली नुसता पू. डॉक्टर म्हणाले, अहो, पाच दिवस कसं सोसलं हिनं, मोठा माणूस गडबडा लोळला असता. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. पोरगी पाच दिवस सांगत होती की ओ. भाकरी थुंकून सांगत होती, मुठीनं सांगत होती. आणि कसं सांगायचं तिनं?

आता अकरा वर्षांची हाय. रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिला तपासतो. बॅटरी लावून दात, मग कान, नखं, पोट दाबून बघायचं, पायात काटा हाय काय बघायचं. अक्कांनी माणसाचं एक चित्र दिलंय, कुठं दुखतंय तिथं बोट ठेव म्हणून शिकवायल्यात. ती दरवेळी नाकावर ठेवते. नाक दुखत न्हाई ओ तिचं. चित्रात नाक लाल रंगवलंय आणि तिला लाल आवडतो.

गेल्या रविवारी सकाळपासनं रडायला लागली. दात बघितले, कान बघितले, डॉक्टरला दाखवलं, काय न्हाई म्हणाले. घरी आल्यावर माझा हात धरला आणि आपल्या पोटावर नेऊन ठेवला. दाबून धरला. मी विचारलं, हितं दुखतंय काय बाय? मराठीत विचारलं, कानडीत विचारलं. ती खिडकीकडं बघत रडत होती. मी हात तसाच ठेवून बसलो, दुसरं काय करणार? दुपारी तिची ती थांबली, माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि उठून गेली. काय होत होतं ते अजून कळलं न्हाई. कळणारबी न्हाई.

तुमच्या घरी लेकरं असतील ताई. पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवत असतील, खोटंबी बोलत असतील. बोलू देत. सुखी राहू देत.