माझ्या परीक्षणाची ताकद

माझ्या परीक्षणाने सिनेमा चालत नाही, असं कोणी म्हटलं की मी हा किस्सा सांगतो. जागतिक सिनेमाच्या वेड्यांसाठी मी लिहितो. आमच्या बेंगळुरूतलाच एक नवा दिग्दर्शक मला म्हणाला, “सर, प्लीज माझ्या सिनेमाला शिव्या घाला. तुम्ही कौतुक केलंत की तिकडे कुत्रंही फिरकत नाही.”

“चांगल्याला मी चांगलंच म्हणणार,” असं सांगून मी भरभरून लिहिलं.

शोला गेलो तर थिएटर बायकांनी भरलेलं. पुढच्याच रांगेत आमच्या शेजारच्या सुमनअक्का.

“अक्का, परीक्षण वाचलंत?”

“वाचलं की. तुला आवडलाय म्हणजे हॉल रिकामा मिळणार. म्हणून महिला मंडळाची मीटिंग इथंच ठेवली. तू स्वल्प हळू बोल.”

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आला. मी शांतपणे म्हटलं, “बघ, सगळ्या परीक्षण वाचूनच आल्यात.”