बदलीवरची

(रुग्णालयाचा एक्स-रे विभाग, मशीनच्या अलीकडची छोटी खोली. ताई बाळंतपणाच्या रजेवर. आज बाळाला घेऊन आली आहे. तिच्या जागेवर बदलीवरची काम करते. दाराशी बाकावर पाय लांब करून एक आजोबा.)

ताई : ...म्हणजे अजून सहाच महिने गं. रजा वाढवायचा अर्ज साहेबांकडे देऊनच आले.

बदलीवरची : सहाच! मागच्या खेपेलाही 'थोडेच दिवस' म्हणाला होतात.

ताई : तुझं बरंच झालं की. तुझेही सहा महिने वाढले.

बदलीवरची : महिने काय करू, ताई? मला नोकरी हवीय. मुलाखतीला गेलं की विचारतात, तिथं किती दिवस आहात अजून? त्याचं उत्तर तुमच्याकडे!

आजोबा : बाई, माझा फोटो...

बदलीवरची : काढून झालाय, आजोबा. डॉक्टर बघतायत. बसा जरा.

आजोबा : बसलोच आहे. पळून कुठे जातोय या पायानं!

बदलीवरची : आणि मुलाखतीसाठी सुट्टी मागितली, तर साहेब म्हणतात, रजेच्या जागेवर आलेल्या माणसाला कसली रजा? मग दाढ दुखते म्हणून जाते. आता माझ्या तोंडात एकही दाढ उरली नाही, असं वाटत असेल त्यांना.

ताई : कुठे जमलं का मग?

बदलीवरची : जमलंय. परगावी, लहानसा दवाखाना. पगार इथल्यापेक्षा कमीच, पण कायम. आज संध्याकाळपर्यंत कळवा म्हणालेत.

ताई : आणि आई?

बदलीवरची : म्हणते, तू जा, मी तुझ्या भावाकडे राहीन. तिथं तिला घटकाभर करमत नाही, ते सांगत नाही.

ताई : मग नको ना जाऊस! मी... मी बहुतेक येणारच नाहीये परत.

बदलीवरची : बहुतेक?

ताई : घरी सगळे म्हणतात, सोड आता. हेही म्हणतात, सासूबाईही म्हणतात.

बदलीवरची : आणि तुम्ही?

ताई : मला कुणी विचारलंच नाही.

बदलीवरची : मी विचारतेय. राजीनामा देता? आत्ता? कागद हा घ्या, पेन हे घ्या.

ताई : अगं, असं काय करतेस!

बदलीवरची : बघा. हात पुढे येतोय का?

ताई : दिवसभर दुपटी धुताना एवढंच बरं वाटतं, की कुठेतरी माझ्या नावाची खुर्ची आहे.

बदलीवरची : आहे ना. तिच्यावर मी बसलेय. नीट टेकता येत नाही, उठताही येत नाही.

ताई : रागावलीस माझ्यावर.

बदलीवरची : तुमच्यावर कशाला रागावू... हो, रागावले. तुमच्यावरच. खोटं कशाला बोलू?

ताई : तू गेलीस तर मला रजा नाही मिळायची. दुसरं माणूस कुठंय त्यांच्याकडे? या, नाहीतर सोडा, असंच म्हणतील.

बदलीवरची : म्हणजे तुमची नोकरी मी सांभाळायची. माझी कुणी सांभाळायची, ताई?

ताई : (पदरानं डोळे पुसते.)

बदलीवरची : रडू नका हो. बाळही रडेल.

ताई : फोन कर.

बदलीवरची : कुणाला?

ताई : त्या दवाखान्याला. लवकर कर, नाहीतर मी पुन्हा तुला थांब म्हणेन.

बदलीवरची : ...हॅलो? हो, मीच बोलतेय. हो, येते. पहिल्या तारखेला हजर होते. नाही, इथली काही अडचण नाही. बदलीवर होते मी.

आजोबा : लागली का नोकरी?

बदलीवरची : लागली, आजोबा.

आजोबा : मग तोंड का असं? हसा की जरा.

बदलीवरची : हसेन हो. आधी आईला सांगते, मग हसते.

ताई : मी घरी काय सांगू आता?

बदलीवरची : ते मला नका विचारू. द्या बाळाला इकडे. तुम्ही गेल्यावर मशीन बदललंय. या, दाखवते.

ताई : थांब. आधी केस बांधू दे.