पलीकडच्या काठची मतं

(ओहायो, ऑगस्ट १९१४. लिओना चुलीवर पीचचा मुरांबा ढवळते आहे. धाकटा भाऊ ऑरिन, गावचा गुरांचा डॉक्टर, दारात.)

लिओना : बरं, हरलास तर हरलास. आत ये, जेवून घे.

ऑरिन : हरलो असं कुठं म्हणालो?

लिओना : तोंड बघ तुझं.

ऑरिन : अजून माझाच विश्वास बसत नाहीये, ताई. काउंटी कमिशनरच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार मी.

लिओना : थांब, हे पातेलं उतरवू दे, खाली लागेल. हं. आणि पक्षाच्या पुढाऱ्याचा, त्या गॅफनीचा मेव्हणा?

ऑरिन : पडला. मागच्या खेपेला पक्षाच्या बैठकीत माझं नाव वाचायच्या आतच गॅफनीनं मेव्हण्याचं नाव पक्कं केलं आणि सगळे जेवायला उठले.

लिओना : आठवडाभर तू कुणाशी धड बोलला नव्हतास.

ऑरिन : आता राज्याच्या घटनेतच आलंय ना, उमेदवार लोकांनी मतं देऊन ठरवायचा.

लिओना : आलंय खरं, दोन वर्षांपूर्वी. त्याच दिवशी बायकांना मताचा हक्क देणारी दुरुस्ती मात्र पाडली.

ऑरिन : हो. तरी दुपारपर्यंत मी पडल्यातच जमा होतो. गावातली मतं सगळी गॅफनीच्या खिशात. मग नदीपलीकडचे आले.

लिओना : कसे? पूल तर पुरात वाहून गेला.

ऑरिन : होड्यांतून. म्हातारे क्लिंगर तर बूट हातात घेऊन चिखल तुडवत आले. म्हणाले, बायकोनं गवत कापू दिलं नाही, आधी मत देऊन ये म्हणाली. सगळ्यांचं तेच. उन्हाळाभर तू त्यांच्या स्वयंपाकघरांत काय सांगत होतीस गं?

लिओना : काही नाही. त्या बायकांशी पुलाचं बोलायचे, तो बांधणं कमिशनरच्याच हातात असतं म्हणून. पोर तापानं फणफणतंय आणि डॉक्टर या काठाला, हे त्यांनीच मला सांगितलं.

ऑरिन : शेवटी गॅफनीनंही हात मिळवला. म्हणाला, बरं झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला.

लिओना : लबाड मेला.

ऑरिन : ताई, रडतेस?

लिओना : वाफ गेली डोळ्यांत. नोव्हेंबरची खरी निवडणूक आहे अजून, हुरळून जाऊ नकोस.

ऑरिन : क्लिंगरबाईंचा निरोप आहे तुला. बायकांना मत मिळालं की त्या सगळ्या मिळून येणार आहेत.

लिओना : मग पूल जरा रुंदच बांध.